तळ्याकाठचा विसावा कोणाच्या खांद्यावर?

गेल्या वैशाखात आमच्या एका जुन्या स्नेह्यांनी आम्हांस आग्रहाचे बोलावणे धाडले. पुण्याच्या पश्चिमेस मुळशीच्या धरणाकाठी त्यांनी उन्हाळ्यापुरते एक लहानसे घर भाड्याने घेतले होते. "चार दिवस या, पाणी पाहा, वारा खा, आणि कामाचे नाव काढू नका," असा त्यांचा निरोप होता. पाळकाचे काम हाती घेऊन आम्हांस सतरा वर्षे होत आली. एवढ्या अवधीत केवळ विसाव्याकरिता म्हणून घर सोडल्याचे आम्हांस स्मरत नाही. जावे की न जावे ह्या विचारात आम्ही पडवीत बसलो असता आमच्या मंडळीचे उपदेशक मास्तर तेथे आले. सर्व हकीकत ऐकून त्यांनी दोन प्रश्न केले. पहिला असा की, "पाळकसाहेब, काही काम न करिता तळ्याकाठी चार दिवस बसणे आपल्यासारख्यांस शोभते काय?" आणि दुसरा असा की, "बसलात, तर मोबाइल बरोबर नेणार की घरी ठेवणार?"

त्या वेळी आम्ही हसून वेळ मारून नेली. परंतु हे दोन्ही प्रश्न दिसतात तितके लहान नाहीत, हे पुढे घडलेल्या गोष्टींवरून आमच्या ध्यानात आले. विसावा म्हणजे काय, तो घेण्याचा अधिकार कोणास, आणि आपल्या घरोघरी आलेली यंत्रे तो देतात की हिरावून घेतात, ह्याविषयी आमच्या मनात जे विचार आले ते वाचकांपुढे ठेवीत आहो.

प्रथम हे पाहू की, उन्हाळ्यात तळ्याकाठी जाऊन राहण्याची ही चाल आली कोठून. अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स प्रांतात काँकर्ड गावाजवळ वॉल्डन नावाचे एक तळे आहे. १८४५ सालच्या जुलै महिन्याच्या ४ तारखेस हेन्री डेव्हिड थोरो नावाचा सत्तावीस वर्षांचा गृहस्थ त्याच्या काठी स्वतःच्या हातांनी उभारलेल्या खोपटात राहावयास गेला. ते खोपट दहा फूट रुंद व पंधरा फूट लांब होते, आणि त्यास अठ्ठावीस डॉलर व साडेबारा सेंट खर्च आला, असा चोख हिशेब त्याने लिहून ठेविला आहे. तेथे तो दोन वर्षे, दोन महिने आणि दोन दिवस राहिला. मनुष्यास खरोखर किती वस्तूंची गरज आहे, हे पारखून पाहावे हा त्याचा हेतू होता. पुष्कळ लोक समजतात की, तो सर्व साधने टाकून अरण्यात गेला. पण तसे नव्हे. खोपट बांधण्यास त्याने पहिल्याने काय केले, तर शेजाऱ्याची कुऱ्हाड उसनी आणिली. जमीन होती ती त्याच्या मित्राची. तळ्याच्या एका टोकाला लागून आगगाडीचा रस्ता नुकताच झाला होता. तिची शिटी त्यास रोज ऐकू येई, आणि दर एकदोन दिवसांनी तो गावात फेरी मारून येई. तेव्हा ज्याने एकांताची एवढी कीर्ती केली, त्याचाही एकांत दुसऱ्याच्या कुऱ्हाडीवाचून व दुसऱ्याच्या जमिनीवाचून सिद्ध झाला नाही. ह्यात त्याची निंदा नाही. विसावा हा एकट्याचा कधीच नसतो, एवढेच आम्हांस दाखवावयाचे आहे.

ह्या तळ्याचा आपल्या मुंबईशीही एक धागा आहे. त्या काळी बर्फ करण्याची यंत्रे बाजारात नव्हती. न्यू इंग्लंडच्या तळ्यांवर हिवाळ्यात जो बर्फाचा थर जमे, तो करवतींनी कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून, गलबतांनी दूरदूरच्या देशी पाठवीत. १८३३ साली असे बर्फ भरलेले गलबत बोस्टनहून निघून चार महिन्यांनी कलकत्त्यास पोचले, आणि त्यानंतर मुंबई व मद्रास येथेही असे बर्फ येऊ लागले. ते साठविण्याकरिता मुंबईत बर्फघर बांधिले गेले होते. १८४६-४७ च्या हिवाळ्यात सुमारे शंभर आयरिश मजूर वॉल्डन तळ्यावर येऊन बर्फ कापू लागले. मुंबईच्या उन्हाळ्यात कोणा धनिकाच्या पेल्यात बर्फाचा खडा वाजला, म्हणजे त्याच्या मागे कडाक्याच्या थंडीत गोठलेल्या पाण्यावर उभ्या असलेल्या मजुरांचे हात होते. पिणाऱ्यास ते हात दिसले नाहीत. थंडाव्याचा हा एक धर्मच आहे की, तो ज्याच्या श्रमाने आला त्याचे तोंड झाकून येतो.

पुढे १८६९ साली बोस्टनच्या पार्क स्ट्रीट मंडळीचे तरुण पाळक विल्यम मरे ह्यांनी न्यूयॉर्क प्रांताच्या उत्तरेकडील ॲडिराँडॅक डोंगरांतील सरोवरांविषयी एक पुस्तक प्रसिद्ध केले. शहरातील कोंदट हवेत व कामाच्या ओझ्याखाली शिणलेल्यांनी, विशेषेकरून पाळकांनी, उन्हाळ्यात तेथे जाऊन प्रकृती सुधारावी, असा त्यांचा उपदेश होता. त्याच उन्हाळ्यात शहरवासी लोकांच्या झुंडी त्या रानात लोटल्या. उतरावयास जागा पुरेना. पावसाने व डासांनी पुष्कळांची त्रेधा उडविली. आणि वर्तमानपत्रांनी त्या बिचाऱ्यांस "मरेचे मूर्ख" असे नाव ठेविले. तथापि चाल पडली ती पडलीच. हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण एका पाळकानेच लोकांस सरोवराकाठी विसाव्यास बोलाविले, आणि ज्या मताच्या मंडळ्यांनी १८१३ साली मुंबईस पहिले मिशनरी पाठविले त्याच मताच्या मंडळीचा तो पाळक होता. तेव्हा आमच्या मास्तरांच्या पहिल्या प्रश्नास निदान पूर्वीचा दाखला नाही असे नाही.

परंतु त्या रानातील एक चित्र आम्हांस विसरवत नाही. एका सरोवरातून दुसऱ्यात जावयाचे तर मध्ये डोंगरवाट लागे. तेथे स्थानिक वाटाड्ये असत. ते दिवसभर पाहुण्यांस होडीत बसवून वल्हवीत, आणि वाट लागली म्हणजे तीच होडी उलटी करून, जोखड घालून, आपल्या खांद्यावर घेऊन चालत. ह्या कामाकरिताच तेथील होड्या एका माणसास पेलतील अशा हलक्या बांधीत. पाहुणा मागून हात हालवीत येई व झाडे पाहून प्रसन्न होई. त्याचा विसावा खरा होता. पण तो अक्षरशः दुसऱ्याच्या खांद्यावर होता.

ह्यावर कोणी म्हणेल की, हे जुन्या काळचे झाले. आता यंत्रे आली, आणि मनुष्याच्या खांद्यावरील भार यंत्राने आपल्याकडे घेतला. ह्या म्हणण्यात बरेच सत्य आहे, आणि ते नाकारणे कृतघ्नपणाचे होईल. त्याच अमेरिकेतील एक गोष्ट सांगतात. ओले एव्हिन्रूड नावाचा नॉर्वेत जन्मलेला एक कारागीर विस्कॉन्सिन प्रांतात राहत असे. १९०६ सालच्या उन्हाळ्यात तो आपल्या वाग्दत्त वधूसह ओकाउची सरोवरावर सहलीस गेला होता. तिने आइस्क्रीमची इच्छा दर्शविली. ह्याने वल्ही मारीत दूरचा काठ गाठला, आइस्क्रीम घेतले, आणि परत वल्हवीत येतो तो त्याचे पाणी झालेले! तेव्हा त्याच्या मनात आले की, होडीच्या मागे लावता येईल असे एक लहानसे इंजिन असावे. १९०९ सालापासून त्याची अशी इंजिने विकू लागली. दीड अश्वशक्तीचे ते इंजिन वजनाने सुमारे बासष्ट पौंड होते. पुढे त्याची पत्नी झालेली तीच बाई कारखान्याचा पत्रव्यवहार व जाहिराती पाही. वल्ही मारणाऱ्या लक्षावधी हातांस त्या यंत्राने सोडविले, हे खरे. पण गोष्टीचा पुढील भाग लोक क्वचित सांगतात. कारखाना वाढला, काम वाढले, पत्नीची प्रकृती ढासळली. आणि १९१४ साली त्या गृहस्थाने आपला वाटा विकून टाकिला व पत्नीस विश्रांती मिळावी म्हणून तो तिला घेऊन प्रवासास निघाला. ज्या यंत्राने जगास विसावा दिला, त्याने ते करणाऱ्यांच्या घरी मात्र विसावा ठेविला नाही. तो त्यांस वेगळा, किंमत देऊन, घ्यावा लागला.

ह्या एका गोष्टीत आमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे, असे आम्हांस वाटते. यंत्र काळ वाचविते; पण वाचलेला काळ आणि विसावा ह्या दोन निरनिराळ्या वस्तू होत. वाचलेली घटका म्हणजे एक रिकामे भांडे होय. त्यात काय ओतावे हे यंत्र ठरवीत नाही. मनुष्य ठरवितो, आणि पुष्कळदा एक मनुष्य दुसऱ्याकरिता ठरवितो.

आपल्या खेड्यातीलच उदाहरण घ्या. आमच्या एका वस्तीवर पूर्वी स्त्रिया पाऊण मैलावरील विहिरीवरून पाणी आणीत. पुढे तेथे विजेची मोटार व नळ झाला. प्रत्येक घरी रोजच्या तीन खेपा वाचल्या. एका घरी सुनेच्या वाचलेल्या वेळात सासूने खुरपणीची मजुरी आणखी धरून दिली. दुसऱ्या घरी त्या वेळात थोरली मुलगी पुस्तक घेऊन बसू लागली, आणि ती ह्या वर्षी दहावीस बसली आहे. तिसऱ्या घरी आई उंबऱ्यावर बसून शेजारणीशी दोन शब्द बोलू लागली. नळ एकच, पाणीही एकच. परंतु तीन घरी तीन फळे आली. रूथ श्वार्ट्झ कोवन ह्या विदुषीने १९८३ साली एक ग्रंथ लिहून हे दाखविले की, अमेरिकेतील घरोघरी यंत्रे आली तरी गृहिणींचे कामाचे तास अपेक्षेप्रमाणे घटले नाहीत. कारण कपडे धुणे सोपे होताच कपडे अधिक वेळा बदलू लागले, आणि पूर्वी नवरा, मुले किंवा नोकर जी कामे करीत तीही तिच्याच अंगावर आली. तेव्हा हा दोष आपल्याच खेड्याचा आहे असे नाही. तो मनुष्यस्वभावाचा आहे.

उन्हाळ्याचीच गोष्ट पाहा. मळणी आटोपली, पाऊस अजून लांब आहे, अशा दिवसांत आपल्या गावात पारावर निंबाखाली पुरुष मंडळी बसते, आणि आम्ही म्हणतो की, हा शेतकऱ्याचा विसाव्याचा काळ होय. परंतु त्याच वेळी घराच्या छपरावर कुरडया, पापड व सांडगे वाळत असतात, आणि लग्नसराईचा स्वयंपाक चाललेला असतो. ती वाळवणे कोण घालते? वैशाखाचा विसावा हा गावाचा नव्हे. तो गावाच्या अर्ध्या माणसांचा आहे.

आता आम्ही मुळशीस काय पाहिले ते सांगतो. घर टुमदार होते; पुढे पाणी, मागे डोंगर. फ्रीज होता, पाणी तापविण्याचे यंत्र होते, भिंतीवर मोठा टीव्ही होता. घराची राखण करणारा एक पन्नाशीचा मनुष्य होता. तो पहाटे पाण्याची मोटार लावी, दिवसा बाजारहाट करी, आणि रात्री वीज गेली म्हणजे जनरेटर चालू करावयास धावे. दुसऱ्या रात्री वीज गेली. आम्ही अंगणात बसलो होतो. आम्ही त्यास म्हटले, "दादा, राहू द्या दिवा. बसा घटकाभर." तो बसला, पण पायरीवर, आणि अर्धवट उठलेला. बऱ्याच वेळाने अंधाराकडे बोट दाखवून तो म्हणाला, "आमच्या आजाचं शेत तिथं हाये, पाण्याखाली. चैतात पाणी उतरलं का जुनी जोती दिसत्यात."

वाचकहो, हे पाणी निसर्गतः तेथे साचलेले नव्हे. मुळशी पेट्यातील सुमारे पन्नास गावांची भातशेते बुडवून ते साठविले गेले. मुंबईस वीज पुरविण्याकरिता हे धरण होते. त्याविरुद्ध १९२१ ते १९२४ पर्यंत तेथील मावळ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट ह्यांनी त्याचे पुढारीपण केले व तुरुंगवास सोसला. बायाबापड्याही त्यात होत्या. तरी धरण झाले, आणि १९२७ सालापासून हे पाणी घाटाखाली भिरा येथील वीजघरात पडून त्याची वीज होऊ लागली. त्या विजेने गिरण्या चालल्या, दिवे लागले, लक्षावधींचे पोट भरले; हेही सत्य आहे, आणि ते लपविणे न्याय्य नाही. पण ज्याचे शेत ह्या पाण्याखाली गेले त्याचा नातू त्याच पाण्याच्या काठी, वीज गेली असता, पाहुण्यांकरिता जनरेटर लावीत उभा असतो, हे पाहून आमच्या तोंडचा घास फिरला. आम्ही तेथून उठून गेलो नाही. उठून गेल्याने त्याचे शेत वर आले नसते. त्याची चार दिवसांची मजुरी मात्र बुडाली असती. पण ज्या ठिकाणी आपण विसावतो त्या भूमीची कहाणी न विचारता विसावणे, ही एक प्रकारची चोरी आहे, असे आम्हांस त्या रात्री वाटले.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे मोबाइलाकडे, वळू. आम्ही तो बरोबर नेला खरा. परंतु पोचताच बंद करून पेटीच्या तळाशी ठेविला, आणि मनात थोडा अभिमानही बाळगिला. चौथ्या दिवशी सायंकाळी तो सुरू केला, तो एकोणीस वेळा कोणी कोणी आम्हांस बोलाविल्याची नोंद दिसली. आमच्या मंडळीतील एक वृद्ध आजीबाई दुसऱ्या दिवशीच प्रभूजवळ गेल्या होत्या. मास्तरांनी भर उन्हात दोन गावांच्या मध्ये खेपा घालून सुतारास गाठले, पेटी करविली, खड्डा खणविला, प्रार्थना चालविली, आणि आजीबाईंस मातीआड केले. आम्ही रात्रीच निघालो. सकाळी त्या घरी गेलो आणि क्षमा मागितली. आजीबाईंचा मुलगा म्हणाला, "त्यात काय साहेब, मास्तर होते की."

वाटेभर आम्ही स्वतःस दोष देत आलो होतो की, मोबाइल बंद केला हेच पाप झाले. परंतु त्या मुलाच्या चार शब्दांनी विचाराची दिशा पालटली. मंडळी उघडी पडली नव्हती, मास्तर होते. मग आमची चूक कोठे होती? आम्ही मास्तरांच्या घरी गेलो. ते अंगणात पायांस तेल चोळीत बसले होते. आम्ही विचारिले, "मास्तर, तुम्ही शेवटची रजा कधी घेतली?" ते हसले व म्हणाले, "साहेब, अकरा वर्षे झाली इथे येऊन. रजेचे कोणी विचारले नाही, आणि मीही मागितली नाही."

हीच आमची चूक होती. आम्ही सावलीत बसताना उन्हात कोण उभा आहे हे पाहिले नव्हते. त्या वाटाड्याप्रमाणे मास्तरांनी आमची होडी खांद्यावर घेतली होती, आणि आम्ही हात हालवीत मागून चाललो होतो. मोबाइल चालू असता तरी ही चूक राहिलीच असती. फक्त ती झाकली गेली असती.

येथे आम्हांस गालीलाच्या सरोवराची आठवण होते. त्यास समुद्र म्हणत असले तरी ते तळेच आहे. शिष्य कामाने इतके शिणले होते की, त्यांस जेवावयासही सवड नव्हती. तेव्हा प्रभू त्यांस होडीत बसवून निवांत जागी घेऊन निघाला. पण लोकांनी त्यांस जाताना पाहिले, आणि ते काठाकाठाने धावत जाऊन त्यांच्या आधीच तेथे पोचले. मोबाइल नसतानाही लोकसमुदाय गाठतोच! प्रभू त्यांच्यावर रागावला नाही. त्यास त्यांचा कळवळा आला. परंतु गोष्ट येथे संपत नाही. लोकांस शिकवून व जेवू घालून झाल्यावर त्याने शिष्यांस होडीत बसवून पुढे पाठविले, समुदायास निरोप दिला, आणि स्वतः डोंगरावर एकांती गेला. ह्यावरून दोन गोष्टी दिसतात. खऱ्या गरजेपुढे विसाव्याने वाट द्यावी. आणि गरज भागल्यावर निरोप देता आला पाहिजे. आपल्यापैकी कित्येकांस पहिली गोष्ट साधत नाही, आणि मोबाइल हाती आल्यापासून बहुतेकांस दुसरी साधत नाही. खिशातील घंटा वाजली म्हणजे गरज आहे असे आपण समजतो. पण आमच्या अनुभवाने दहा घंटांपैकी नऊ गरजेच्या नसतात. आणि आपणांसही त्या हव्या असतात; कारण आपणावाचून कोणाचे तरी अडले आहे हे ऐकणे मनास गोड लागते. विसाव्याचा मोठा शत्रू यंत्र नव्हे. आपणावाचून जगाचा गाडा चालणार नाही हा आपला अहंकार होय. मास्तरांनी आजीबाईंस यथायोग्य पोचविले, हे ऐकून आम्हांस दुःखाबरोबर किंचित हिरमुसल्यासारखेही झाले, हे आम्ही लाज न धरता कबूल करितो.

कोणी म्हणेल, "पोटासाठी रोज राबणाऱ्यास हा विसाव्याचा उपदेश कशाला? तळ्याकाठचे घर त्याच्या स्वप्नातही नाही." ही शंका रास्त आहे. परंतु विसावा ही श्रीमंताची चैन आहे असे मानिले, तर मजुराचे आणखी नुकसान होते. शब्बाथाच्या आज्ञेत कोणाकोणाची नावे आहेत ते आठवा. पुत्र व कन्या, दास व दासी, गुरेढोरे, आणि वेशीच्या आतील परका. मालकाने विसावा घ्यावा एवढेच सांगून ती आज्ञा थांबत नाही. बैलाच्या मानेवरील जू उतरल्यावाचून धन्याचा विसावा पुरा होत नाही, असे ती म्हणते. आणि कारण काय दिले आहे, तर तूही एकदा मिसर देशात दास होतास. आपल्या महाराष्ट्रात हेच काम नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनी केले. ते सत्यशोधक समाजाचे होते. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांस आठवड्याची सुटी नसे. लोखंड्यांनी १८८४ सालापासून सभा भरवून, अर्ज करून, ती मागितली; आणि १८९० सालच्या जून महिन्यात गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. रविवार हा आपल्या अनेक कामकरी लोकांच्या खंडोबाचा वार, हेही त्यांच्या मागणीत एक कारण होते असे सांगतात. कारण कोणतेही असो. यंत्राने आपण होऊन कामगारास एक दिवस दिला नाही. यंत्र सातही दिवस चालावयास राजी होते. तो दिवस मनुष्याने मनुष्याकरिता मागून घेतला.

तेव्हा मास्तरांच्या दोन प्रश्नांस आमचे उत्तर असे आहे. तळ्याकाठी बसणे शोभते. परंतु आपल्या जागी कोण उभा आहे हे जाणून, आणि त्याची पाळी ठरवून मगच. मोबाइल न्यावा की ठेवावा, हा प्रश्न त्यामागून येतो. ज्याने आपले काम विश्वासू मनुष्याच्या हाती रीतसर सोपविले, त्याने तो बंद केला तरी चालेल. त्या एका मनुष्यास खऱ्या अडचणीत गाठण्याचा मार्ग ठाऊक असला म्हणजे झाले. ज्याने काहीच सोपविले नाही, त्याने तो चालू ठेविला तरी तो कामातही नाही व विसाव्यातही नाही. घरच्या माणसांविषयीही हाच नियम. घरात नवे यंत्र आणताना त्याची किंमत विचारितो, तसे हेही विचारावे की, ह्याने कोणाचा वेळ वाचेल, आणि तो वेळ आपण त्याच व्यक्तीच्या हाती ठेवू की दुसरे काम देऊन लगेच परत घेऊ? सुनेचा वाचलेला तास सुनेचा आहे, हे ज्या घरास कळले त्या घरी तळे नसले तरी गारवा आहे.

आम्ही ही गोष्ट मंडळीच्या पंचांपुढे मांडिली. थोडी कुरकुर झाली. पण ठरले की, दर वर्षी ज्येष्ठाच्या आरंभी मास्तरांनी आठ दिवस रजा घ्यावी, आणि त्यांच्या वस्त्यांवरील फेऱ्या आम्ही व दोघा वडिलांनी वाटून घ्याव्या. मास्तर आपल्या बहिणीच्या गावी गेले. तेथे तळे नाही. एक ओढा आहे, तोही त्या दिवसांत कोरडा. आम्ही त्यांच्या वाटेने सायंकाळच्या प्रार्थनेस चालत गेलो, तेव्हा त्या वाटेस किती चढ आहे हे आम्हांस सतरा वर्षांनी प्रथमच कळले. तिसऱ्या दिवशी आमचा मोबाइल वाजला. मास्तर होते. "साहेब, खालच्या वस्तीची किल्ली खिडकीतल्या डब्यात आहे, सांगायचे राहिले." आम्ही म्हटले, "किल्ली सापडली, मास्तर. तुम्ही काय करिता आहा?" क्षणभर ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "भाच्याला घेऊन चिंचेखाली बसलो आहे. काही करीत नाही." आम्ही म्हटले, "मग तेच करा," आणि फोन ठेविला.